नाकाची वही: घरच्या आणि प्रवासातल्या बिअरच्या नोंदी

६ ऑगस्ट २०२३, रविवार

कारण आधी लिहून ठेवतो. पुढे कुणी विचारलं तर वहीच पुढे करता येईल.

गेल्या महिन्यात मुंढव्याला एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जिथं बिअर बनवतात तिथंच पाजतात अशा ठिकाणी, चार बिअरचे छोटे ग्लास मागवले. सोबतच्या कार्डावर चवी लिहिलेल्या: ग्रेपफ्रूट, पाइन, बिस्किट, टॉफी. आम्ही घोट घ्यायचो, कार्ड बघायचो आणि माना डोलवायचो. परतताना रिक्षात बायकोनं विचारलं, "तू ग्रेपफ्रूट कधी खाल्लंयस रे?" एकदाही नाही. पाइन मनालीला बसच्या खिडकीतून पाहिलाय. म्हणजे तासभर मी जी चव ओळखत होतो ती कार्डावरची होती, ग्लासातली नव्हतीच.

म्हणून ही वही. साधारण वर्षभर चालवायची. नियम एकच: जो वास मी आयुष्यात कधी प्रत्यक्ष घेतलाय त्याचंच नाव लिहायचं. बाकीचे नियम सोयीचे आहेत. बायको स्वयंपाकघरात ओतणार, ग्लासाखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. एका ग्लासात १०० मिली, एका बैठकीत जास्तीत जास्त चार ग्लास. मध्ये पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे. बाटली फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवायची, कारण ४ अंशांवर जीभ बधिर होते आणि वास ग्लासातच दडी मारून बसतो. ग्लास साबणाने धुतला तर तीन पाण्यांतून काढायचा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस बसतो आणि बुडबुडे काचेला चिकटून राहतात.

घरी बिअर बनवण्याचा उद्योग या वहीत नाही. परवान्याशिवाय तो आपल्याकडे गुन्हा आहे. पिण्याचा परवाना आहे, तो वहीच्या कव्हरात ठेवलाय.

अडचणी दोन. अधिक श्रावण चालू आहे आणि आमचा दोस्त अधिक आणि निज दोन्ही पाळतो, त्यामुळे तो १५ सप्टेंबरपर्यंत बाद. दुसरी अडचण आई. तिचं म्हणणं एवढंच की देवघराकडे तोंड करून बसू नका.

१३ ऑगस्ट

पहिली बैठक. गव्हाची बवेरियन पद्धतीची बिअर, हेफेवायझन. पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक मायक्रोब्रुअरीत मिळते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

पहिल्याच ग्लासाला केळं. साधं नव्हे, वेलची केळं, तेही साल काळी पडायला लागलेलं. मागून लवंग. कार्ड समोर नव्हतं, तरी दोघांच्या चिठ्ठ्यांवर केळं आलं. बरं वाटलं.

वाचून काढलं ते असं. या बिअरमध्ये केळं नाही आणि लवंगही नाही. दोन्ही यीस्टची करणी. केळ्याचा वास आयसोअमाइल असिटेट या द्रव्याचा, आणि पिकलेल्या केळ्यातही तेच असतं. लवंगेचा वास येतो तो फोर-व्हिनाइल ग्वायाकॉलचा. धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून यीस्ट ते तयार करतं. भिजवलेलं धान्य ४५ अंशांच्या आसपास थोडा वेळ रेंगाळू दिलं तर लवंग वाढते. म्हणजे केळं किती आणि लवंग किती हा हिशोब बनवणाऱ्याच्या हातात असतो. आमटीत गूळ आणि आमसूल तोलावं तसा.

चौथा ग्लास फसला. बाटलीचा तळ न हलवता ओतला गेला आणि यीस्ट खालीच राहिलं. शेवटचे दोन बोटं उरले की बाटली गोल फिरवून ओतायची, असं बायकोला सांगितलं. "मग तूच ओत," म्हणाली. नियम मोडेल म्हणून गप्प बसलो.

२० ऑगस्ट

छोटी नोंद. दूलालीची साइडर, म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस, प्यायलो. ती बिअरच नाही, म्हणून चव लिहीत नाही. पण नावाचा माग काढला. दूलाली म्हणजे २००९ साली पुण्यात सुरू झालेली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. नाव आलं आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. तिथल्या छावणीत गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्महिने कुजायचे. उन्हानं, तापानं, रिकामपणानं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत वेडाला 'दूलाली टॅप' म्हणू लागले. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचं दूलाली करून आपल्यालाच परत विकलं, हे आवडलं.

१ ऑक्टोबर, रविवार

गणपतीत वही बंद होती. आई गावाहून परतली ती पिशवीत दोन मोठी पपनसं घेऊन. माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या चौकटीला बांधलेली, विसर्जनानंतर वाटून घेतलेली.

आज आयपीएचा, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेल्या कडवट बिअरचा, दिवस ठरलेला होता. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. गोव्याच्या दोन: आर्बरची बीच शॅक आणि गोवा ब्रुइंगची एट फिंगर एडी. दुसरीला नाव हणजुणच्या जुन्या हिप्पीचं. दोन्हींच्या वर्णनात लिंबूवर्गीय वास लिहिलेला, म्हणजे पुन्हा तेच ग्रेपफ्रूट. चिठ्ठीवर मी 'मोसंब्याची साल' लिहिलं आणि खोडलं. बायकोनं 'लिंबू' लिहिलं आणि खोडलं. दोन्ही जवळ, पण बरोबर नाही. मोसंबं फार गोड, लिंबू फार टोकदार.

आई पलीकडे पपनस सोलत होती. कंटाळून ग्लास तिच्याकडे नेला. ती पीत नाही, पिणारही नाही. फक्त वास घे म्हटलं. तिनं हात पुसले, ग्लास नाकाशी नेला, लगेच परत दिला.

"ह्यो तोरंजनाचो वास. सालीचो."

तोरंजन म्हणजे पपनस. समोर ताटात होतं! साल चिमटून ग्लासाशेजारी धरली. तोच वास: कडू, तेलकट, थोडा फुलांसारखा. मग चाळीस मिनिटं ग्रेपफ्रूटबद्दल वाचलं. ग्रेपफ्रूट हे मुळात पपनस आणि संत्र यांचं संकरित पोर, अठराव्या शतकात बार्बाडोसला जन्मलेलं. म्हणजे ज्या फळाचं नाव माहीत नाही म्हणून मी खजील होतो, त्याची आई दर भाद्रपदात आमच्या गणपतीच्या डोक्यावर टांगलेली असते.

दुसऱ्या आयपीएत आणखी एक वास होता. इंग्रजीत त्याला राळेचा, पाइनचा म्हणतात. आमच्या घरात त्याला आंब्याचा चीक म्हणायचं ठरलं. कैरीचा देठ मोडल्यावर जो पांढरा रस उडतो आणि ओठाला लागला तर फोड येतो, तो. हे नुसतं लाडानं दिलेलं नाव नाही. हॉप्सच्या फुलात मिर्सीन नावाचं तेल असतं, आणि आंब्यातही असतं.

उद्या २ ऑक्टोबर, ड्राय डे. तसंही उरलेलं काही नाही.

८ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन वाया घालवायचं नाही, म्हणून प्रयोग. एकाच प्रकारची फिकट लागर, म्हणजे दुकानात मिळते ती नेहमीची सोनेरी बिअर, तीन भांड्यांत: हिरवी बाटली, तपकिरी बाटली, कॅन. तिन्ही गच्चीवर, दुपारी १२ ते २. वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी. मग तिन्ही पाण्यात थंड करून ओतल्या.

कॅन ठीक. तपकिरी ठीक, जरा थकल्यासारखी. हिरवी उघडली आणि बायको दोन पावलं मागं सरकली.

कारण सरळ आहे. हॉप्सचा कडवटपणा ज्या द्रव्यांतून येतो ती उजेडात फुटतात, बिअरमधलं रायबोफ्लेविन त्यात मध्यस्थी करतं, आणि तुटलेला तुकडा गंधकाच्या संयुगाशी जोडला जातो. जे तयार होतं ते नाकाला अब्जांशाहूनही कमी प्रमाणात कळतं. तपकिरी काच बहुतेक घातक किरण अडवते, हिरवी फारसे नाही, पारदर्शक तर नावालाच. हिरव्या बाटलीतली परदेशी बिअर म्हणजे खास चव, असं मी कॉलेजात मानायचो. ती खास चव म्हणजे दुकानाच्या ट्यूबलाइटखाली घालवलेले महिने.

इंग्रजीत या वासाला स्कंक म्हणतात. स्कंक आपल्याकडे नाही, त्यामुळे नियमानुसार बाद. माझा शब्द: हिंगाचा डबा, नुकता उघडलेला. बायकोचा शब्द: जळकं रबर. दोन्ही लिहून ठेवतो, आईला अजून विचारलेलं नाही. ती त्या दिवशी गच्चीवरून खाली आली ती मिरच्यांबद्दल बोलत.

१८ नोव्हेंबर, बामबर्ग

जर्मनीत न्यूरेंबर्गला कंपनीच्या कामासाठी आलो होतो. काम काल संपलं. बामबर्ग रेल्वेनं पाऊण तासावर आहे, आणि शनिवार मोकळा.

श्लेंकेर्ला या ब्रुअरीचं पिण्याचं घर जुन्या गावात, कॅथेड्रलच्या चढाखाली. आत लाकूड काळं पडलेलं, गर्दी, कोट अडकवायला जागा नाही. एकच गोष्ट मागायची: राउखबिअर, म्हणजे धुराची बिअर. लाकडी पिंपातून थेट. रंग काकवीचा.

पहिला घोट वाईट लागला. इथं प्रामाणिक राहायला हवं, म्हणून लिहितो: वाटलं, कुणीतरी यात सिगारेट विझवली. दुसऱ्या घोटाला धूर जरा मागं सरला आणि खाली भाजलेल्या धान्याचा गोडवा लागला. अर्धा ग्लास संपेपर्यंत धूर जवळजवळ हरवला, आणि मीच तो शोधायला लागलो. शेवटी जे नाव सापडलं ते भरीत. वांगं चुलीवर, साल करपलेली, फोडल्यावर पहिली वाफ. त्याच्या आधी बंबाच्या पाण्याचा वास आठवला होता, तोही खोटा नाही.

माल्ट बनवताना मोड आलेलं जव वाळवावं लागतं. इथं ते बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, म्हणून हा वास. गंमत अशी की पूर्वी ही काही खासियत नव्हती. गरम हवेच्या वेगळ्या भट्ट्या येईपर्यंत लाकडावर वाळवलेल्या माल्टला धूर लागायचाच. बाकीच्यांनी धूर सोडला, या गावातल्या दोन घरांनी सोडला नाही: श्लेंकेर्ला आणि श्पेत्सिआल. आणखी एक गोष्ट कळली. श्लेंकेर्लाची साधी फिकट लागर धुरकट माल्टाशिवाय बनते, पण त्याच पातेल्यांतून आणि त्याच यीस्टवर. तिलाही धुराची झाक असते. आमच्याकडे बांगड्याच्या तव्यावर घावनं काढली की होतं तसं.

एक अर्धा लिटरची बाटली घेतली. आईसाठी. वास घ्यायला.

१९ नोव्हेंबर, कलोन

थोडक्यात. कोल्श ही फिकट, हलकी बिअर, फक्त २०० मिलीच्या सरळ, बारीक ग्लासात. वाढप्याला क्योबेस म्हणतात. तो न विचारता रिकामा ग्लास उचलतो, भरलेला ठेवतो आणि टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं रेघ ओढतो. नको असेल तर चकती ग्लासावर झाकायची. मला हे तिसऱ्या ग्लासानंतर कळलं. आपल्या पंगतीत पानावर आडवा हात धरतात, तेच. पण इथं 'आग्रहाचं घ्या हो' म्हणणारं कुणी नाही, वाढपी नुसता खेकसतो.

चवीबद्दल: ताज्या पोळीच्या कणकेचा वास, अगदी पुसट. बाकी काही नाही आणि त्यात काही चूकही नाही. १९८६ साली इथल्या ब्रुअरींनी करार करून ठरवलं की कोल्श नाव कुणी लावायचं. बाहेर बनली तर ती कोल्श नाही. आपल्याकडे हापूसवरून चालतं तसलंच.

२० नोव्हेंबर, ब्रुसेल्स

ही नोंद लांबणार.

कांतियों. १९०० सालची ब्रुअरी, अँडरलेख्त भागात, स्टेशनापासून चालत. बाहेरून गोदाम वाटतं. आत थंडी, ओल, लाकूड, कोळिष्टकं. कोळिष्टकं मुद्दाम ठेवलेली आहेत, कारण कोळी माश्या खातात.

इथं लांबिक बनते, आणि या बिअरमध्ये यीस्ट कुणी घालत नाही. साधारण दोन भाग माल्ट आणि एक भाग मोड न आणलेला कच्चा गहू. त्याचा काढा तास न् तास उकळतात आणि मग माळ्यावरच्या पसरट तांब्याच्या कुंडात उघडा सोडतात. रात्रभर. छपराखालच्या फटींतून गार हवा येते आणि हवेबरोबर जे काही जिवाणू, यीस्ट येतील ते पडतात. सकाळी काढा निवून पिंपात जातो आणि तिथं एक, दोन, तीन वर्षं राहतो. हे फक्त थंडीत करतात, ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. उन्हाळ्यात काढा रात्रीत निवत नाही आणि नको ते जिवाणू आधी जागा धरतात. हॉप्स घालतात, पण मुद्दाम जुने, दोन-तीन वर्षं ठेवलेले. त्यांचा कडूपणा गेलेला असतो, टिकवण्याचा गुण मात्र राहतो.

मी ते कुंड बघत बराच वेळ उभा होतो. रिकामं होतं. एक मोठं, उथळ, तांब्याचं ताट, एवढंच. कारखान्यात आम्ही एका मायक्रॉनसाठी भांडतो आणि इथं या लोकांनी शतकाहून जास्त काळ मुख्य काम खिडकीवर सोपवलंय.

तिकिटात चाखायला मिळतं. पहिली, नुसती लांबिक, कोवळी. बुडबुडे नाहीत, रंग ऊसाच्या रसासारखा. आंबट. नंतर गोझ, म्हणजे वेगवेगळ्या वयाच्या लांबिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवलेली. कोवळीत साखर उरलेली असते, त्या साखरेवर बाटलीत फेस धरतो; जुनीकडून चव येते. शॅम्पेनसारखी उसळते.

चव लिहिताना पेन अडलं. आंबट, पण कुठलं आंबट? चिंच नाही. ताक नाही. कोकमाच्या जवळ, पण कोकम गोल असतं, हे सरळ. आणि आंबटाच्या खाली एक प्राणी बसलेला. शेजारच्या टेबलावरचे डच पाहुणे आपसात 'घोड्याचं पांघरूण' म्हणत होते, म्हणजे खोगिराखालची घोंगडी. हे काम ब्रेटानोमायसिस नावाच्या रानटी यीस्टचं. मी घोडा जवळून हुंगलेला नाही. पण पावसात भिजलेलं कांबळं हुंगलंय, आजोळी, लावणीच्या दिवसांत, पडवीत वाळत घातलेलं. ते लिहिलं. आणखी काहीतरी ओळखीचं होतं, लहानपणीचं, ते सापडलं नाही. वहीत जागा मोकळी ठेवली आहे.

खरेदीचा हिशोब. भारतात येताना २ लिटरची मर्यादा. राउखबिअर ५००, गोझ ७५०, आणि ओरव्हाल नावाच्या बेल्जियन बिअरच्या दोन बाटल्या ३३० च्या. बेरीज १९१०. उरलेल्या ९० मिलीत काही बसत नाही. बाटल्या थर्मल वेअरमध्ये गुंडाळल्या.

१० डिसेंबर, रविवार

घरची बैठक, आई धरून. दोस्तही आला.

राउखबिअर: दोस्तानं चिठ्ठीवर 'तंदूर' लिहिलं, बायकोनं 'होळीच्या दुसऱ्या दिवशीचे कपडे'. आईनं वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "ह्येच्यात सुको बांगडो बुडवल्यानी काय?" मी भरीत म्हटलं. तिनं मान हलवली. भरीत गोड असतं, हे खारं आहे. प्यायली नसताना खारं कसं कळलं, हे विचारायचं राहिलं. पण पुन्हा वास घेतल्यावर माझं भरीत गेलं आणि बांगडा आला, तो अजून जात नाही.

ओरव्हाल, दोनपैकी एक. दक्षिण बेल्जियममधल्या एका मठाची बिअर, १९३१ सालापासूनची ब्रुअरी, बाटली मुदगलासारखी पोट सुटलेली. बाटली भरताना तिच्यात ब्रेटानोमायसिस घालतात, त्यामुळे ती बाटलीत बदलत राहते: ताजी असताना हॉप्स पुढे, काही महिन्यांनी रान पुढे. बाटलीवर भरल्याची तारीख असते, आमच्या बाटल्यांवर सप्टेंबर. आजची चव: संत्र्याची साल, धणे, कोरडा शेवट. कांबळं अगदी लांब. (धण्यांबद्दल: धण्यांचा मुख्य वास लिनालूलचा आणि ते हॉप्समध्येही असतं. त्यामुळे बिअरमध्ये धणे आले की घातलेलेच असतील असं नाही.) दुसरी बाटली मेपर्यंत ठेवायची आणि मग तुलना.

गोझ शेवटी. आईनं ग्लास नाकाशी नेला आणि नेहमीसारखा लगेच परत दिला नाही.

"झिला, ह्येका माडयेचो वास येता."

माडी! ब्रुसेल्सला मोकळी सोडलेली जागा ती. आजोबांचे चार माड माडी काढायला दिलेले असायचे, सकाळी मडकं उतरायचं आणि आम्हा पोरांना लांबून वास यायचा. मग आई जेवायला वाढेपर्यंत माडीबद्दल बोलत राहिली. तिच्या तोंडून हा विषय मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दोस्तानं दरम्यान गोझ संपवली.

२८ जानेवारी २०२४

अहंकार उतरवण्याचा प्रयोग. त्रिकोणी चाचणी: तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी ओळखायची. दोन संध्याकाळी मिळून बारा फेऱ्या, बाजारातल्या दोन नामांकित फिकट लागर वापरून. दोन्हींपैकी एक आपली 'नेहमीची' आहे आणि दुसरी आपण 'पीत नाही' असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलोय.

बारापैकी पाच बरोबर. नुसतं डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी सरासरी चार आली असती. फरक खरंच कळतो म्हणायला बारापैकी किमान आठ लागतात.

दोस्त म्हणाला, ग्लास चुकले. बायको म्हणाली, मी ओतलेत. विषय संपला.

१७ मार्च

बेंगळुरूला एक दिवस. इंदिरानगरला टॉइट या मायक्रोब्रुअरीत बासमती ब्लाँड नावाची बिअर. भाताचा वास शोधला, सापडला नाही. नाव वाचून शोधत होतो हे लक्षात आल्यावर थांबलो. बिअर छान, नोंद निरुपयोगी.

४ मे, शनिवार, मालवणजवळ

मंगळवारी, ७ तारखेला इथं मतदान. उद्या संध्याकाळपासून ड्राय डे लागेल, म्हणून आजच.

पहाटे माडावर चढणाऱ्याबरोबर उभा राहिलो. तो वर, मी खाली मान मोडून. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलायच्या आधी बांधतात, ठोकून मऊ करतात, टोक कापतात, कापाखाली मडकं. रात्रभर थेंब थेंब. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात, मग रस आंबत नाही. माडी हवी असेल तर लावत नाहीत. मडक्यात कालच्याचं जे काही चिकटून राहिलेलं असतं तेच आजच्याला लागतं. यीस्ट कुणी घालत नाही. कांतियोंचं तांब्याचं कुंड आणि हे काळं मडकं यांचं काम एकच. तिकडे पिंपात तीन वर्षं लागतात, इकडे दुपारपर्यंत.

सकाळी ८ ला चाखली. गोड, दुधाळ, शहाळ्याच्या पाण्याच्या जवळची, जिभेवर जरा चुरचुर. दुपारी १ ला तीच: गोडी निम्मी, आंबट पुढे, नाकात यीस्ट. संध्याकाळी ६ ला व्हिनेगर होण्याच्या वाटेवर. कपाळाला आठ्या पडल्या. चढणारा म्हणाला, संध्याकाळची पिणारे वेगळे असतात, त्यांना सकाळची मुळमुळीत लागते.

वहीत लिहिलं: गोझ = माडी + भिजलं कांबळं + पपनसाची आतली पांढरी साल.

आई घरी होती. विचारलं, वास घेणार का. "त्याका काय हुंगायचा," म्हणाली.

२६ मे

ओरव्हालची दुसरी बाटली. साडेपाच महिन्यांची प्रतीक्षा, चिठ्ठ्या, दोस्त, सगळी तयारी.

डिसेंबरची नोंद झाकून ठेवली, नवी लिहिली, मग दोन्ही शेजारी ठेवल्या. संत्र्याची साल, जरा फिकी. धणे. कोरडा शेवट. कांबळं? लांबच. म्हणजे बाटली जवळजवळ तिथंच उभी होती.

चूक माझी. पुण्याच्या उन्हाला घाबरून बाटली फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यामागे ठेवली. ४-५ अंशांवर ते रानटी यीस्ट झोपूनच राहतं. त्याला तळघराची हवा लागते, १२-१४ अंश, आणि आमच्या घरातली सगळ्यात गार कोरडी जागा म्हणजे पलंगाखालची, जिथं मेमध्ये ३२ अंश होते. एक टोक गोठवणारं, दुसरं शिजवणारं. मधलं हवामान पुण्यात फक्त डिसेंबरात असतं, आणि तेव्हा मी बाटली फ्रिजमध्ये घालून बसलो होतो.

आईनं वास घेतला. म्हणाली, मागचीच आहे. तिला डिसेंबर आठवत होता.

पुढच्या खेपेला जो कुणी तिकडून येईल त्याच्याकरवी दोन बाटल्या मागवायच्या. एक नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेर ठेवायची, ओल्या पंचात गुंडाळून माठाशेजारी. दुसरी फ्रिजमध्ये. निदान फ्रिजचं काय होतं ते तरी कळलंय.

९ जून

काल पाऊस आला. आज एका स्थानिक पोर्टरची, म्हणजे भाजक्या माल्टाच्या काळ्या बिअरची, नोंद करायला वही उघडली: भाजणी, कॉफीचा चोथा, तळाशी करपलेला दुधाचा थर.

मागची पानं चाळताना पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. अक्षर आईचं. १ ऑक्टोबरच्या पानावर 'पपनस' जिथं जिथं आहे तिथं वर 'तोरंजन' लिहिलंय. ८ ऑक्टोबरला 'हिंगाचा डबा' खोडून 'कुजका कांदा'. आणि ४ मेच्या पानावर, गोझच्या समीकरणात, 'माडी' या शब्दाखाली रेघ, शेजारी बारीक अक्षरात: सकाळची नाय, दुपारची.